कलालिलाव करणाऱ्या घराण्यांच्या पेढ्या : सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे सोलापुरात तसबिरींना चौकटी बसवण्याचे दुकान आहे आणि ते चालवणारी आमची ही तिसरी पिढी आहे. काच बदलायला किंवा वाळवीने खाल्लेला मागचा पुठ्ठा काढून घ्यायला आलेली माणसे बोलता बोलता जुन्या चित्रांच्या किमतीवर येतात, तेथून लिलावावर आणि शेवटी लंडन-मुंबईच्या लिलाव पेढ्यांवर. मार्च २०२५ मध्ये, आपल्या जिल्ह्यातील पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्राला न्यूयॉर्कमध्ये शंभर कोटींवर किंमत आल्याची बातमी छापून आल्यापासून तर हे प्रश्न रोजचेच झाले. तीच तीच उत्तरे तोंडी देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावीत, म्हणून हा खटाटोप.

कलालिलावाची पेढी नेमके काय करते? ती चित्रांचे दुकानच नव्हे का?

दुकानदार माल स्वतःच्या पैशाने घेतो आणि नफा चढवून विकतो, तर लिलाव पेढी माल घेतच नाही. हा फरक सोलापूरकराला समजावून सांगायला फारसे कष्ट पडत नाहीत, कारण श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारातला कांद्याचा सौदा ज्याने एकदा पाहिला आहे, त्याने लिलाव पेढीचे निम्मे काम पाहिलेलेच असते. शेतकरी आपला माल अडत्याच्या गाळ्यावर उतरवतो, व्यापारी पोत्यांभोवती गोळा होतात, बोली चढत जाते, शेवटच्या बोलीला माल सुटतो आणि हमाली, तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. या सगळ्यात कांदा अडत्याच्या मालकीचा कोणत्याही क्षणी नसतो. त्याचे भांडवल म्हणजे त्याचा गाळा, त्याची ओळख आणि दोन्ही बाजूंचा त्याच्यावरचा विश्वास.

चित्रांच्या पेढीचेही तसेच आहे. मात्र कांदा त्याच दिवशी विकावा लागतो आणि चित्राला कॅटलॉगमध्ये छापून महिना-दोन महिने लोकांसमोर ठेवता येते. कॅटलॉगमध्ये प्रत्येक नगाला क्रमांक असतो, त्याला 'लॉट' म्हणतात. त्याच्याखाली अंदाजित किंमत म्हणून दोन आकडे दिलेले असतात, एक खालचा आणि एक वरचा. याशिवाय विकणारा आणि पेढी यांच्यात राखीव किंमत ठरलेली असते. ती छापत नाहीत, साधारणपणे ती खालच्या अंदाजापेक्षा अधिक ठेवत नाहीत आणि बोली तेथवर पोहोचली नाही, तर चित्र मालकाकडे परत जाते. परत गेलेले चित्र लगेच दुसरीकडे नेले, तर गिऱ्हाईक साशंक होते, हे पेढीवाले मान्य करतील न करतील. पण बाजारात तसे घडते खरे.

'लिलाव' हा शब्द कोठून आला?

पोर्तुगीज 'लेइलांव' या शब्दापासून. गोवा, वसई, चौल या किनारपट्टीवरून तो मराठीत शिरला आणि इतका मुरला की परका वाटेनासा झाला. त्याच्या जोडीला जुन्या कागदांत 'हर्रास' भेटतो, आणि आपल्याकडच्या जैन मंदिरांत पूजेचा मान मिळवण्यासाठी लावलेल्या बोलीला 'सवाल' म्हणतात. सवालातला पैसा देवस्थानाला जातो, म्हणून चढी बोली लावणाऱ्याचे तेथे कौतुक होते. कलालिलावाच्या दालनातही चढ्या बोलीनंतर टाळ्या वाजतात. त्या नक्की कोणासाठी असतात, हे मला अद्याप कळलेले नाही.

जगातील पहिल्या लिलाव पेढ्या घराण्यांनीच काढल्या का?

नाही. आजही चालू असलेल्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी स्टॉकहोमची लिलावसंस्था १६७४ ची असून ती शहराच्या प्रशासनाने सुरू केली होती. व्हिएन्नाचे डोरोथेउम सम्राट पहिला जोसेफ याने १७०७ मध्ये गहाणवटीचे सरकारी कार्यालय म्हणून काढले. गहाण सुटले नाही की वस्तू विकायची, हा त्यामागचा साधा हिशेब होता. आपल्याकडे वर्तमानपत्रात सोनेतारणाच्या जाहीर लिलावाच्या नोटिसा येतात, त्याच जातीचे ते काम होते.

घराण्यांच्या पेढ्या लंडनमध्ये अठराव्या शतकात उभ्या राहिल्या. तोवर तेथील श्रीमंतांच्या घरांत पिढ्यांची पुस्तके, चित्रे आणि चांदीची भांडी साठली होती आणि ती बाहेर पडण्याची कारणेही साठली होती. मालक वारतो, कर्ज होते किंवा वारसांत वाटण्या होतात, या तीन वाटांनीच घरातली चित्रे आजही बाजारात येतात. अशा वेळी घरच्यांना परका अधिकारी नको असतो. ओळखीचा, तोंडाचा पक्का आणि मागच्या पिढीचेही काम केलेला माणूस हवा असतो. सरकारी कार्यालयाला हे जमत नाही, घराण्याला जमते. या पेढ्यांच्या वाढीचे खरे कारण मला येथेच दिसते.

'सॉदबीज' या लंडनच्या लिलाव पेढीचे नाव खरोखर एखाद्या कुटुंबाचे होते का?

होते, आणि त्या नावाची गोष्ट पेढी आणि घराणे यांच्या नात्याबद्दल बरेच काही सांगते. पेढी काढणारा मनुष्य सॉदबी नव्हताच. तो होता सॅम्युअल बेकर नावाचा पुस्तकविक्रेता. मार्च १७४४ मध्ये त्याने सर जॉन स्टॅन्ली यांच्या ग्रंथसंग्रहाचा लिलाव केला आणि त्यातून ८२६ पौंड उभे राहिले. चित्रांचा तेव्हा पत्ताच नव्हता. ही पेढी पुढे शंभरावर वर्षे मुख्यतः पुस्तकांचीच होती. बेकर १७७८ मध्ये वारला, तेव्हा त्याची मालमत्ता भागीदार जॉर्ज ली आणि भाचा जॉन सॉदबी यांच्यात विभागली गेली. म्हणजे आज ज्या नावाचा जगभर दबदबा आहे, ते नाव पेढीला मामाच्या वारसाहक्कातून चिकटले.

जॉननंतर त्याचा पुतण्या सॅम्युअल आणि त्याच्यानंतर सॅम्युअलचा मुलगा सॅम्युअल ली सॉदबी यांनी पेढी चालवली. हा शेवटचा सॅम्युअल १८६१ मध्ये वारला आणि घराण्याचा धागा तेथे तुटला. मग पेढी कोणाकडे गेली? ज्येष्ठ हिशेबनीस जॉन विल्किन्सन याच्याकडे. आधीपासून भागीदार झालेला हा मनुष्य आपल्या भाषेत दिवाणजीच म्हणायचा. सोलापूरच्या जुन्या कापड पेढ्यांत ज्यांनी उमेदवारी केली आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही, कारण मालक गादीवर बसतो, पण कोणाचे काय येणे आणि कोणाला कोणता माल चालतो हे दिवाणजीच्या खतावणीत असते. तीन वर्षांनी हॉज नावाचा भागीदार आला आणि पाटीवर तीन नावे झाली. पहिले नाव मात्र सॉदबीचेच राहिले.

पुढची गोष्ट घराण्याची नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. १९१७ मध्ये पेढी न्यू बाँड स्ट्रीटवर आली. ऑक्टोबर १९५८ मध्ये गोल्डश्मिट संग्रहातील सात चित्रे एका संध्याकाळी अवघ्या २१ मिनिटांत ७,८१,००० पौंडांना विकली गेली, तेव्हापासून लिलाव हा पोशाखी समारंभ झाला. १९८३ मध्ये अमेरिकन उद्योजक आल्फ्रेड टॉबमन आणि २०१९ मध्ये पॅट्रिक द्राही यांनी ती विकत घेतली. सॉदबी आडनावाचा माणूस तेथे नसल्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली आहेत.

ख्रिस्तीज, बोनहॅम्स आणि फिलिप्स या लंडनच्या बाकीच्या पेढ्यांचे काय?

जेम्स ख्रिस्ती याने ५ डिसेंबर १७६६ रोजी पहिला लिलाव केला. त्यात एका मृत सरदाराच्या घरचे फर्निचर, दागिने, चिनी मातीची भांडी आणि मद्याचा मोठा साठा होता. उत्तम चित्रे त्याच्याकडे नंतर आली, आणि आली ती त्याच्या बोलण्याच्या कसबामुळे व चित्रकारांशी असलेल्या स्नेहामुळे. त्याचा मुलगा विद्वान होता. ग्रीक पात्रांवर त्याने लेखन केले आणि १८२३ मध्ये पेढी किंग स्ट्रीटवर नेली. घराण्यातला शेवटचा ख्रिस्ती १८८९ मध्ये निवृत्त झाला, आणि १९९८ पासून पेढी फ्रेंच उद्योजक फ्रांस्वा पिनो यांच्याकडे आहे.

फिलिप्सचा संस्थापक हॅरी फिलिप्स हा ख्रिस्तीकडेच कारकून होता. १७९६ मध्ये त्याने स्वतःची पाटी लावली. बोनहॅम्स १७९३ ची, आणि तिच्याशी बोनहॅम कुटुंबाचा संबंध जवळपास २००० सालापर्यंत टिकला.

मग आज घराण्याकडेच राहिलेली जुनी पेढी कोणती?

जर्मनीत कोलोनची लेम्पर्ट्झ ही पेढी १८७५ पासून हानश्टाइन कुटुंबाकडे आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाची फ्रीमन्स ही १८०५ ची पेढी सहा पिढ्या फ्रीमन कुटुंबाने चालवली आणि २०१६ मध्ये ती कुटुंबाबाहेर गेली. अशा पेढ्या टिकतात त्या सहसा मध्यम आकाराच्या असतात, कारण मोठ्या पेढ्या विक्रेत्याला लिलावाआधीच किमान रकमेची हमी देतात आणि तेवढी रक्कम अडकवून ठेवणे घरच्या भांडवलावर परवडत नाही. वारसांपैकी एकाला पेढी हवी आणि बाकीच्यांना आपला वाटा रोख हवा, हे दुखणे तर सर्वत्र सारखेच आहे.

भारतात घराण्याने चालवलेल्या कलालिलाव पेढ्या आहेत का?

आहेत, आणि त्यातली मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट मुंबईच्या पंडोल यांची आहे. काली पंडोल यांनी १९६३ मध्ये फ्लोरा फाउंटनजवळ चित्रांचे दालन सुरू केले, आणि तसे करण्याची गळ त्यांना घालणाऱ्यांत खुद्द हुसेन होते. त्या काळी आधुनिक भारतीय चित्र विकत घेणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. पुढे मुलगा दादिबा यांनी दालन सांभाळले आणि २०११ मध्ये त्याचे रूपांतर लिलाव पेढीत केले. ऑगस्ट २०२३ मध्ये याच पेढीने सय्यद हैदर रझा यांचे 'जेस्टेशन' हे चित्र ५१.७५ कोटी रुपयांना विकले. भारतीय चित्राला लिलावात तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत होती. महिन्याभरातच सॅफ्रनआर्टच्या लिलावात अमृता शेरगिल यांच्या 'द स्टोरी टेलर' या चित्राला ६१.८ कोटी मिळाले आणि तो उच्चांक मागे पडला. सॅफ्रनआर्ट हीसुद्धा एका दांपत्याची पेढी आहे. मीनल आणि दिनेश वझिरानी यांनी ती २००० मध्ये काढली आणि इंटरनेटवरून बोली घेण्याची पद्धत येथे रुळवली.

कोलकात्याची तऱ्हा वेगळी. तेथे रसेल स्ट्रीटवर रसेल एक्स्चेंज नावाची पेढी १९४० पासून एकाच कुटुंबाकडे आहे. साहेबांनी मागे ठेवलेली कपाटे, झुंबरे, ग्रामोफोन, जुने कपडेसुद्धा तेथे लिलावात निघत आले आहेत. कलालिलाव म्हणून तिला नाके मुरडणारे असतील, परंतु जेम्स ख्रिस्तीचा पहिला लिलाव याहून फार निराळा नव्हता.

आमच्या धंद्यातल्या माणसाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. मुंबईच्या केकू गांधी यांनी १९४१ मध्ये 'केमोल्ड' हा चौकटी बनवण्याचा व्यवसाय सुरू केला आणि त्या चौकटींच्या दुकानात ते तरुण चित्रकारांची चित्रे लावू लागले. त्यातूनच १९६३ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीत गॅलरी केमोल्ड उभी राहिली. ही लिलाव पेढी नव्हे. पण डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिस्तीजने भारतातला आपला पहिला लिलाव मुंबईत केला, तेव्हा त्याच्या केंद्रस्थानी होता तो गांधी दांपत्याचा घरचा संग्रह. त्याच लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र २३.७ कोटींना गेले. चौकटवाल्याच्या घरी चित्रे राहून जातात. आमच्याही घरी काही राहिली आहेत, पण ती बहुतेक लोकांनी पैसे न देता सोडून दिलेली लग्नाची छायाचित्रे आहेत.

हुसेन यांच्या चित्राला एवढी किंमत आली, तर पंढरपूरला किंवा त्यांच्या घरच्यांना त्यातले काही मिळाले का?

चित्र विकले गेले की त्याची पुढची किंमत तेव्हाच्या मालकाची असते. 'ग्रामयात्रा' हे १९५४ चे, जवळजवळ १४ फूट लांबीचे चित्र. लेऑन एलियास व्होलोदार्स्की नावाच्या नॉर्वेत स्थायिक असलेल्या डॉक्टरांनी ते त्याच वर्षी दिल्लीत घेतले, आणि १९६४ मध्ये त्यांच्या इच्छेप्रमाणे ते ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाला मिळाले. १९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्तीजने ते १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले. ती रक्कम त्या रुग्णालयाकडे गेली आणि डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी वापरायचे ठरले.

या चित्राची मालकी १९५४ पासून सलग सांगता येते. कोणी घेतले, कोठे नेले, कोणाला दिले यात एकही खिंडार नाही. किमतीत चित्रकाराच्या नावाचा वाटा मोठा आहे, यात वाद नाही. परंतु ही सलग साखळी नसती, तर बोली लावणाऱ्याचा हात तेवढ्या वेळा वर गेला नसता.

ही 'मालकीची साखळी' एवढी महत्त्वाची का मानतात?

कारण चित्र खोटे असू शकते आणि डोळा फसू शकतो. वर ज्या लेम्पर्ट्झ पेढीचा उल्लेख केला, तिच्याकडे २००६ मध्ये हाइनरिख काम्पेनडोंक या चित्रकाराचे १९१४ चे म्हणून एक चित्र आले आणि २८ लाख ८० हजार युरोंना गेले. चित्राच्या मागे एका प्रसिद्ध जर्मन कलाव्यापाऱ्याच्या संग्रहाची चिठ्ठीही होती. पुढे रंगाच्या तपासणीत टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग सापडला, जो १९१४ मध्ये चित्रकारांना मिळतच नव्हता. चित्र वोल्फगांग बेल्ट्राकी नावाच्या इसमाने स्वतः रंगवले होते आणि मागची चिठ्ठीही त्यानेच बनवली होती. २०११ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे पिढ्यानपिढ्यांचा अनुभव असलेली पेढीही फसली, आणि फसली ती मागच्या बाजूला चिकटवलेल्या कागदाच्या एका तुकड्यावर विश्वास ठेवून.

घराण्याच्या पेढीची खरी कमाई मी म्हणून तिच्या वह्यांना मानतो. ख्रिस्तीजकडे १७६६ पासूनचे कॅटलॉग आहेत, आणि त्यांत कोणता नग कोणी केवढ्याला घेतला याच्या हाताने केलेल्या नोंदी आहेत. त्यांच्याकडे आलेल्या चित्राच्या मागच्या लाकडी पट्टीवर काळ्या शाईच्या ठशाने एक क्रमांक उमटवण्याची पद्धत आहे. शंभर वर्षांनी ते चित्र कोठेही सापडले, तरी त्या क्रमांकावरून वहीचे पान उघडता येते. ख्रिस्ती घराणे गेले, पण वही गेली नाही, म्हणून नावही गेले नाही.

याच्या उलट उदाहरण आमच्याच दुकानातले आहे आणि ते सांगताना मला संकोच वाटतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वाड्यातून व्यक्तिचित्र आले होते, जुने तैलरंगातले, पागोटे घातलेल्या गृहस्थाचे. मागचा पुठ्ठा वाळवीने पोखरला होता, म्हणून वडिलांनी तो उचकटून नवा हार्डबोर्ड ठोकला आणि जुना पुठ्ठा बंबात घातला. त्यावर मोडीत तीन-चार ओळी आणि एक गोल शिक्का होता, एवढे मला आठवते. मी तेव्हा शाळेत होतो आणि मला मोडी येत नव्हती. पुढे त्या घरच्या मंडळींनी चित्र एका जाणकाराला दाखवले, तेव्हा त्याने पहिल्यांदा चित्र पालथे करून मागच्या बाजूला काय आहे ते पाहिले. तेथे आमचा नवा कोरा हार्डबोर्ड आणि आमच्याच दुकानाचा शिक्का होता.

पेढीला पैसे कोण देते, विकणारा की घेणारा?

आता दोघेही देतात. १९७५ पर्यंत लंडनमध्ये दलाली विकणाऱ्याकडून घेतली जाई. त्या वर्षी ख्रिस्तीज आणि सॉदबीज या दोघांनीही घेणाऱ्याकडून वेगळी रक्कम घ्यायला सुरुवात केली. तिला बायर्स प्रीमियम म्हणतात. कलाव्यापाऱ्यांनी तेव्हा मोठा गहजब केला, पण प्रथा टिकली. त्यामुळे हातोडा पडतो ती किंमत आणि खरेदीदार प्रत्यक्षात मोजतो ती रक्कम यांत बरेच अंतर असते. बातमीत येणारा आकडा बहुधा दुसरा असतो. विकणाऱ्याला मिळतो तो पहिला, आणि तोही दलाली वजा होऊन.

आपल्याकडे २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले, तेव्हा बाजार समित्यांत व्यापाऱ्यांनी बंद पुकारला होता, हे अनेकांना आठवत असेल. वाद तोच होता, माल फक्त वेगळा.

या दोन मोठ्या पेढ्यांनी नंतर दलालीचे दर आपसांत संगनमताने ठरवले, असे २००० मध्ये उघडकीस आले. गिऱ्हाइकांच्या दाव्यात दोघींना मिळून ५१ कोटी २० लाख डॉलर मोजावे लागले आणि टॉबमन यांना तुरुंगवास झाला. तेव्हा दोन्हीकडे संस्थापक घराण्यातले कोणीच नव्हते. घराण्यातला माणूस असता तर असे झाले नसते, असे म्हणायचा मोह होतो. पण घराण्यांनीही कमी भानगडी केलेल्या नाहीत, तेव्हा तो मोह आवरलेला बरा.

आमच्या देवघरात राजा रवि वर्मा यांचे मूळ चित्र आहे. ते लिलावात जाईल का?

महिन्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतो आणि उत्तर ऐकून माणसे हिरमुसतात. सोलापूर, अक्कलकोट, बार्शी या भागातल्या घरांत दिसते ते बहुधा रवि वर्मा यांनी रंगवलेले तैलचित्र नसून त्यांच्या छापखान्यातले शिळाछापाचे चित्र, म्हणजे ओलिओग्राफ असते. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तेथून लक्ष्मी आणि सरस्वतीची हजारो चित्रे घराघरांत पोहोचली.

ओळखायचे कसे? चौकटीतून चित्र न काढता आधी भिंग घ्यावे आणि देवीच्या गालाचा भाग पाहावा. कुंचल्याने रंगवले असेल, तर रंगाची ओढ दिसते. छापील असेल, तर निरनिराळ्या रंगांचे बारीक ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसतात. मग खालचा पांढरा काठ पाहावा, तेथे छापखान्याचे नाव इंग्रजी अक्षरांत छापलेले असते. पुष्कळदा चौकटवाल्याने काच लहान पडली म्हणून तो काठ कापलेला असतो, आणि त्या कापण्यात आमच्या आजोबांचाही हात असावा, अशी मला शंका आहे. काही चित्रांवर घरच्या बायकांनी जर, टिकल्या आणि मखमलीचे तुकडे शिवून देवीला खरा शालू नेसवलेला असतो. मागच्या वर्षी एक आजी असे लक्ष्मीचे चित्र घेऊन आल्या. जर काळवंडली होती, पण काठाची वीण इतकी नेटकी होती की कागद कोठेही फाटला नव्हता. सुईची भोके चित्राच्या मागे रांगोळीच्या ठिपक्यांसारखी ओळीने दिसत होती. "सासूबाईंनी शिवलंय, त्यांना लिहिता येत नव्हतं," एवढेच त्या म्हणाल्या. अशा चित्रांचेही आता संग्राहक आहेत आणि ती लिलावात निघतात; मात्र तैलचित्राच्या किमतीची अपेक्षा ठेवू नये.

आणि ते खरोखर मूळ तैलचित्र निघाले तर?

तर आधी कायदा समजून घ्यावा. पुरातन वस्तू व कलानिधी कायदा १९७२ चा असून तो ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षांहून जुनी कलाकृती पुरातन वस्तू ठरते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. त्याखेरीज नऊ चित्रकारांच्या कलाकृती कलानिधी म्हणून घोषित आहेत आणि रवि वर्मा त्यांपैकी एक आहेत. अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ टागोर हेही त्यात येतात. अशी वस्तू देशात विकता येते, परदेशात नेता येत नाही. पुरातन वस्तूंच्या काही प्रकारांची पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागते आणि त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. त्यामुळे परदेशात दुप्पट पैसे मिळवून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावे.

सोलापुरी जेकार्डच्या भिंतीवरील चित्रांना लिलावात स्थान आहे का?

मागावर विणलेली देवादिकांची आणि पुढाऱ्यांची चित्रे पूर्व भागातल्या विणकरांच्या कसबाचा नमुना आहेत, पण कलालिलावात ती अजून दिसत नाहीत. त्यावर विणकराचे नाव नसते, हे त्याचे एक कारण. ज्यांच्या घरी ती आहेत, त्यांनी कोणी, केव्हा आणि कोणत्या कारखान्यात विणले ते आजच कागदावर लिहून चित्राबरोबर ठेवावे.

वाटणीत तीन भावंडे आणि चित्र एकच. काय करावे?

चित्राचे तीन तुकडे होत नाहीत, म्हणून लिलाव हा वाटणीचा जुना आणि बऱ्यापैकी निर्मळ मार्ग आहे. उघड्या बोलीत आलेल्या किमतीवर कोणी कोणाकडे बोट दाखवू शकत नाही. चित्र घरात राहावे अशी इच्छा असेल, तर जाणकाराकडून अंदाजित किंमत लेखी घ्यावी, भावंडांनी आपसांत बोली लावावी आणि घेणाऱ्याने बाकीच्यांना त्यांचा वाटा द्यावा. बोलीच्या वेळी सुना-जावयांना खोलीत बसू द्यावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सोलापुरात राहून चित्र लिलावात द्यायचे, तर सुरुवात कोठून करावी?

चित्रांचा नियमित लिलाव करणारी पेढी सोलापुरात माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे मुंबईच्या पेढीशी पत्रव्यवहार करावा लागतो. मोठ्या पेढ्या छायाचित्रांवरून पहिला अंदाज सांगतात. उजेड खिडकीतून एका बाजूने येईल असे चित्र ठेवून पूर्ण चित्राचे, सहीचे, चारही कोपऱ्यांचे आणि मागच्या बाजूचे असे वेगवेगळे फोटो काढावेत. लांबी-रुंदी चौकट सोडून मोजावी. घरात असलेली जुनी पावती, पत्र, किंवा ते चित्र भिंतीवर दिसणारे लग्नमुंजीचे छायाचित्र यांची नक्कल जोडावी. करारावर सही करण्यापूर्वी दलाली, विमा, वाहतूक आणि न विकल्यास परत आणण्याचा खर्च कोणाकडे, ही चार कलमे वाचावीत.

पाठवण्याआधी तुमच्याकडून चौकट नवी करून घ्यावी का?

माझा धंदा बुडवणारे उत्तर आहे, पण नाही. ओल्या फडक्याने पुसू नये, बटाट्याने किंवा ब्रेडने घासू नये आणि मागचा खिळासुद्धा काढू नये. वाळवी चालू असेल, तर चित्र घेऊन या. मी पुठ्ठा सोडवीन, त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढीन आणि तो वर्तमानपत्रात न गुंडाळता स्वच्छ कोऱ्या कागदात बांधून तुमच्या हाती परत देईन. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचा पत्ता माझ्या गल्ल्यात लिहून ठेवलेला आहे.